मेक अडवला की एकेटी का उसळतो? (संदेशमार्गांची आपसातली गुंतागुंत)

कोंडीफोड

पाठ्यपुस्तकात ग्रोथ फॅक्टरच्या रिसेप्टरखाली दोन रांगा काढलेल्या असतात. एकीकडे रास-राफ-मेक-ईआरके, दुसरीकडे पीआय३के-एकेटी-एमटॉर, मध्ये कोरी जागा. यातली बहुतेक नावं कायनेजची, म्हणजे दुसऱ्या रेणूंवर फॉस्फेट चढवणाऱ्या प्रथिनांची. प्रत्यक्षात एसकेबीआर-३ पेशींना (हर-२ जनुकाच्या प्रती वाढलेली स्तनकर्करोगाची पेशीरेषा) पीडी०३२५९०१ हे मेकचं इन्हिबिटर (अडवणारं औषध) १०० नॅनोमोलर दिलं की तासाभरात फॉस्फो-ईआरके (फॉस्फेट चढलेला, चालू ईआरके) वेस्टर्न ब्लॉटवर दिसेनासा होतो. ते ठीक. पण त्याच मेंब्रेनवर एकेटीच्या सेरीन ४७३ या जागेवरचा फॉस्फेट वाढलेला दिसतो, आणि टोटल एकेटी मात्र जागचा हललेला नसतो.

हा एका मार्गाचा दुसऱ्यावर झालेला खरा परिणाम समजायचा, औषध भलतीकडेही बसतंय असं धरायचं, की ब्लॉटमध्येच गडबड आहे? आणि हे तिन्ही एकमेकांपासून वेगळं कसं काढायचं? 'क्रॉसटॉक आहे' एवढंच लिहून मोकळं होणं नको आहे.

टायरोसीन

परिणाम खरा आहे आणि त्याची यंत्रणाही बऱ्यापैकी माहीत आहे.

ईआरके हा रांगेतला शेवटचा डबा आहे असं चित्रावरून वाटतं, पण तो वर वळून आपल्याच मालकांना आवरत असतो. ईजीएफआर (हर-२ च्याच कुळातला रिसेप्टर) याच्या पडद्यालगतच्या भागातल्या थ्रिओनीन ६६९ वर ईआरके फॉस्फेट चढवतो. हर-२ मध्ये तशीच जागा थ्रिओनीन ६७७ ला आहे. ते फॉस्फेट असेपर्यंत या रिसेप्टरांची जोड्या बांधून एकमेकांना चेतवायची क्षमता दबलेली राहते. मेक अडवला, ईआरके थंडावला, ते फॉस्फेट उतरलं, की रिसेप्टर मोकळे होतात आणि त्याच कुळातल्या हर-३ वरचं टायरोसीन फॉस्फोरिलेशन वाढतं. हर-३ चा स्वतःचा कायनेज जेमतेम, पण त्याच्या शेपटीवर पीआय३केच्या पी८५ घटकाला पकडणाऱ्या सहा जागा आहेत. म्हणजे हर-३ जागा झाला की पीआय३के पडद्यापाशी गोळा होतो आणि एकेटी चढतो.

त्यामुळे वरच्या निरीक्षणात मेक थेट एकेटीशी काही करत नाहीये. दोन्ही रांगांचा मालक एकच आहे, आणि एका रांगेचा त्याच्यावरचा धाक सुटल्याचा फायदा दुसरीला मिळतोय.

ईआरकेचे असे आणखीही लगाम आहेत. तो एसओएसवर आणि राफवर फॉस्फेट चढवून त्यांना मंदावतो. हे मिनिटांचं काम. शिवाय तो स्प्राउटी आणि डीयूएसपी६ यांची जनुकं चालू ठेवतो, आणि ही प्रथिनं पुन्हा ईआरकेच्याच मार्गाला ब्रेक लावतात. हे तासांचं काम. म्हणून १ तासाचा ब्लॉट आणि २४ तासांचा ब्लॉट हे दोन वेगळे प्रयोग समजावेत.

जाता जाता: थ्रिओनीन ६६९ आणि थ्रिओनीन ६९३ एकच. पहिला आकडा सिग्नल पेप्टाइडचे २४ अवशेष वगळून मोजलेला, दुसरा धरून. अँटिबॉडी मागवताना यात हमखास गोंधळ होतो.

वाचनमात्र

वाचनखूण साठवली. एक शंका: मग लॅपॅटिनिब देऊन हर-२ आणि ईजीएफआर बंद केले आणि एकेटीची वाढ गेली, की सिद्ध झालं ना?

चौकट

घोडं इथंच पेंड खातं. एसकेबीआर-३ मध्ये एकेटीचा मूळचा फॉस्फेटही हर-२ वरच चालतो. १ मायक्रोमोलर लॅपॅटिनिब एकटं दिलं तरी सेरीन ४७३ जवळजवळ पुसला जातो. मग दोन्ही औषधं एकत्र दिल्यावर तो कमी दिसला, यात नवल काय? त्यातून 'रिसेप्टर लागतो' एवढंच कळतं, 'वाढ रिसेप्टरमधूनच आली' हे कळत नाही. लागणं आणि माध्यम असणं यात फरक आहे, आणि क्रॉसटॉकचे निम्मे दावे इथेच ढिले पडतात.

दावा घट्ट करायचा तर तीन गोष्टी उपयोगी पडतात, आणि त्या सारख्याच वजनाच्या नाहीत. सगळ्यात सोपी म्हणजे हर-३ चं टायरोसीन १२८९ त्याच लायसेटमध्ये (पेशी फोडून काढलेल्या रसात) बघणं. मेक अडवल्यावर तेही चढलं पाहिजे, आणि एकेटीच्या आधी किंवा बरोबर चढलं पाहिजे, नंतर नव्हे. तिच्याहून वजनदार म्हणजे पी८५ ची अँटिबॉडी लावून इम्युनोप्रेसिपिटेशन करणं (म्हणजे पी८५ ला त्याला चिकटलेल्या प्रथिनांसकट ओढून काढणं) आणि वर आलेल्यात हर-३ किती आहे ते बघणं. निर्णायक म्हणजे थ्रिओनीनच्या जागी अ‍ॅलनीन असलेला रिसेप्टर. त्यावर ईआरकेला फॉस्फेट चढवताच येत नाही, त्यामुळे त्या पेशींत मेक अडवण्याआधीच लगाम सुटलेला असतो आणि मेक अडवल्यावर आणखी वाढ व्हायला नको. वाढ झालीच, तर वाट वेगळी आहे.

औषध भलतीकडे बसतंय का, या प्रश्नासाठी दुसऱ्या घडणीचं मेक इन्हिबिटर घ्या (ट्रॅमेटिनिब १० ते ३० नॅनोमोलर) आणि शिवाय एक थेट ईआरकेवर बसणारं, उदाहरणार्थ एससीएच७७२९८४, ३०० नॅनोमोलरच्या आसपास. तिन्हींनी एकेटी चढला तर औषधाचा दोष म्हणणं अवघड.

खटपट्या

वरचं सगळं मान्य, पण पेशी चुकीच्या हाताळल्या तर या चर्चेला अर्थच उरत नाही. म्हणून थोडं हातकामाचं.

स्टार्व्हिंग (पेशींना कमी सीरमवर उपाशी ठेवणं): ०.१ ते ०.५ टक्के सीरम, १२ ते १६ तास. रात्रभर पुरे. ४८ तास उपाशी ठेवलेल्या पेशींत तुम्ही संदेशमार्ग नव्हे, उपासमारीचा ताण मोजत असता. आणि मूळचाच एकेटी चढलेला असेल तर पेशीरेषेची जनुकीय कुंडली आधी बघा. पीसी-३, एलएनकॅप, यू८७ यांत पीटेन (पीआय३केचं काम उलटवणारं प्रथिन) नाही, तिथे स्टार्व्ह करूनही सेरीन ४७३ उतरत नाही. एमसीएफ-७ मध्ये पीआय३केच्या पी११० अल्फातच म्युटेशन आहे. एचसीटी११६ मध्ये केरास आणि पीआय३के दोन्ही बिघडलेले. अशा पेशींत 'कोण कुणाला चालू करतो' विचारणं म्हणजे आधीच उघड्या दाराची कडी तपासणं.

औषध घालताना मीडिया बदलू नका. नुसता ताजा मीडिया ओतला तरी सीरम आणि ढवळण्यामुळे ईआरके काही मिनिटं चमकतो. तोच मीडिया वापरून औषधाचं १० पट तीव्र द्रावण करा आणि हळूच बाजूने सोडा. डीएमएसओ (औषध विरघळवणारं द्रावक) सगळ्या वेलमध्ये सारखं, ०.१ टक्के. जोड-औषधाच्या वेलमध्ये ते आपोआप दुप्पट होतं, म्हणून एकेकट्या वेलमध्येही उरलेलं भरून काढा. हे विसरल्यामुळे निघालेले 'सिनर्जी'चे आलेख पुष्कळ आहेत.

लायसिस बर्फावर, आणि बफरमध्ये फॉस्फेटेज इन्हिबिटर: सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट १ मिलिमोलर, सोडियम फ्लोराइड १० ते ५०, बीटा-ग्लिसरोफॉस्फेट १०. व्हॅनाडेट चेतवलेलं हवं. पीएच १० करून रंग जाईपर्यंत उकळायचं, गार करून पुन्हा पीएच तपासायचा, पुन्हा उकळायचं, पीएच १० वर टिकेपर्यंत. द्रावण पिवळं असेल तर ते डेकाव्हॅनाडेट आहे, कामाचं नाही. बफरमध्ये ईडीटीए किंवा डीटीटी असेल तर व्हॅनाडेटचं काम बिघडतं.

प्लेट इनक्यूबेटरमधून काढल्यापासून लायसिसपर्यंतचा वेळ सगळ्या नमुन्यांना सारखा ठेवा. सहा प्लेट एकदम बाहेर काढून एकेक करत बसलं तर सहावी प्लेट वेगळीच गोष्ट सांगते.

फॉस्फो अँटिबॉडीला दुधाऐवजी ५ टक्के बीएसए. दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे. धुवायला पीबीएसऐवजी टीबीएस-ट्वीन.

कोंडीफोड

खटपट्या, मीडियाचा मुद्दा लक्षातच आला नव्हता, आभार.

२४ तासांची वाढ जास्त दिसते. ती नव्या प्रथिनांमुळे आहे का, हे बघायला सायक्लोहेक्झिमाइड चालेल? १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर?

टायरोसीन

मात्रा बरोबर आहे, पण सायक्लोहेक्झिमाइड या प्रश्नाला निरपेक्ष साक्षीदार नाही. प्रथिनं बनणं थांबलं की पेशीत अमिनो आम्लं साठतात आणि एमटॉरसी१ (एमटॉरच्या दोन संकुलांपैकी एक) चेततो. एमटॉरसी१ मधून एस६के चेततो, आणि एस६के आयआरएस-१ ला (इन्सुलिन रिसेप्टरकडून पीआय३केकडे संदेश नेणाऱ्या प्रथिनाला) सेरीनवर फॉस्फेट चढवून पीआय३केचा पुरवठा तोडतो. म्हणजे एकेटी खाली यायचं हे स्वतंत्र कारण. तुम्ही वाचाल 'वाढ गेली, म्हणजे नवं प्रथिन लागत होतं', आणि झालेलं असेल भलतंच. शिवाय ते ताणाचे कायनेज, जेएनके आणि पी३८, यांनाही डिवचतं.

त्यापेक्षा काळाची बारीक मालिका घ्या: ०, १५, ३० मिनिटं, १, २, ४, ८, २४ तास. पहिल्या अर्ध्या तासात आलेली वाढ नवी जनुकं वाचून आलेली नसते, तेवढ्या वेळात तो कारभार उरकत नाही. चार तासांनंतर दुसरी चढण दिसली तर तिथे हर-३ चं एकूण प्रमाण आणि त्याचा एमआरएनए मोजा. एकेटी दबला की एफओएक्सओ (जनुकं चालू-बंद करणारं प्रथिन) केंद्रकात जाऊन हर-३ चं जनुक उघडतो, हे माहीत आहे. पण मेक अडवल्यावर एकेटी चढलेला असतो, त्यामुळे ती वाट इथे लागू करताना जपून.

अनुस्वार

एस६के आणि आयआरएस-१ चा विषय निघालाच आहे तर एमटॉरसी१ अडवणाऱ्या रॅपामायसिनबद्दल. वेळेमुळे उत्तर उलटतं याचं याहून चांगलं उदाहरण नाही.

रॅपामायसिन २० नॅनोमोलर, १ तास: एस६केचं थ्रिओनीन ३८९ साफ, आयआरएस-१ वरचा लगाम सुटला, एकेटी ४७३ वर. तीच मात्रा २४ तास: काही पेशीरेषांत एकेटी ४७३ खाली. कारण ४७३ वर फॉस्फेट चढवतो एमटॉरसी२. रॅपामायसिन त्याला थेट धरत नाही, पण दीर्घकाळ दिल्यास नव्याने बनणारा एमटॉर अडकून पडतो आणि एमटॉरसी२ ची जुळणीच होत नाही. सगळ्या पेशींत तसं होत नाही, म्हणून 'काही'.

टोरिन-१ (२५० नॅनोमोलर) दोन्ही संकुलं एकदम बंद करतं, तिथे ४७३ पडतो. पण थ्रिओनीन ३०८ पीडीके१ चं काम आहे, तो काही तासांनी सावरू शकतो. म्हणून ३०८ आणि ४७३ दोन्ही लावा. एकच लावून सुतावरून स्वर्ग गाठू नये.

आणि आयआरएस-१ च्या जागांचे आकडे: उंदराचं सेरीन ३०७ म्हणजे माणसाचं ३१२. मानवी पेशींत '३०७' लिहिलेलं दिसलं तर अँटिबॉडीचा कागद आधी वाचा.

निळी_शाई

फॉस्फेट वाढला म्हणजे कायनेजचं काम वाढलं, हे गृहीत धरून चर्चा चालली आहे. ते नेहमी खरं नसतं.

एकेटीवरच बघा. एमके-२२०६ हे अ‍ॅलोस्टेरिक इन्हिबिटर एकेटीला मिटलेल्या अवस्थेत धरून ठेवतं, त्याने ३०८ आणि ४७३ दोन्ही पडतात. इपॅटासर्टिब एटीपीच्या खाचेत बसतं. त्याने एकेटी पूर्ण निकामी होतो, पण ३०८ आणि ४७३ भरमसाट चढतात, कारण खाचेत औषध असलेल्या एकेटीवरचे फॉस्फेट फॉस्फेटेजना नीट काढता येत नाहीत. ब्लॉट बघणारा म्हणणार, 'औषधाने एकेटी चालू केला!' खरं उत्तर पुढच्या पायरीवर, म्हणजे एकेटी ज्यांवर फॉस्फेट चढवतो त्या प्रथिनांवर मिळतं: पीआरएएस४० चं थ्रिओनीन २४६, जीएसके३ बीटाचं सेरीन ९.

मेकचंही तसंच. पीडी०३२५९०१ दिलं की फॉस्फो-मेक स्वतः चढतो, कारण ईआरकेचा राफवरचा लगाम सुटलेला असतो. फॉस्फो-मेक वर आणि फॉस्फो-ईआरके खाली, ही जोडी दिसली तर औषध नीट काम करतंय.

आणि एलवाय२९४००२ अजूनही 'पीआय३के इन्हिबिटर' म्हणून वापरलं जातं याचं आश्चर्य वाटतं. १० ते ५० मायक्रोमोलरला ते एमटॉरला धरतं, सीके२ ला धरतं, ब्रोमोडोमेनच्या बीईटी प्रथिनांनाही धरतं. क्रॉसटॉक शोधायला तेच हत्यार घेतलं तर सगळीकडे क्रॉसटॉक सापडणारच.

चौकट

निळी_शाई यांना +१. आता उलट बाजू: जिथे क्रॉसटॉक असायलाच हवा असं वाटतं आणि तो नसतो.

एकेटी जीएसके३ बीटाला सेरीन ९ वर फॉस्फेट चढवून दाबतो. विंट या वेगळ्या संदेशमार्गात जीएसके३ हाच बीटा-कॅटेनिनला नाश पावण्यासाठी खूण करतो. मग इन्सुलिन दिलं की एकेटी, त्याने जीएसके३ बंद, बीटा-कॅटेनिन साठणार. कागदावर हा तर्क बिनतोड आहे, पण पेशी तसं वागत नाही. विंटच्या कामाचा जीएसके३ अ‍ॅक्सिनच्या मचाणावर बसलेला असतो. पेशीतल्या एकूण जीएसके३ चा तो छोटासा हिस्सा, आणि एकेटीचा हुकूम तिथपर्यंत पोचत नाही. सेरीन २१ आणि सेरीन ९ च्या जागी अ‍ॅलनीन घातलेले उंदीर २००५ साली तपासले गेले. त्यांच्यात इन्सुलिनचा जीएसके३ वरचा परिणाम गेला, पण विंटला प्रतिसाद शाबूत राहिला.

त्यामुळे फॉस्फो-सेरीन ९ चढला हे दाखवून 'विंट चालू झाला' लिहिणं चूक आहे. टोटल बीटा-कॅटेनिनवरही विसंबू नये. एपिथेलियल पेशींत त्यातला मोठा साठा ई-कॅडहेरिनला धरून पडद्यावर असतो आणि विंटला दाद देत नाही. सेरीन ३३, ३७ आणि थ्रिओनीन ४१ वर फॉस्फेट नसलेलंच बीटा-कॅटेनिन ओळखणारी अँटिबॉडी लावा, किंवा टॉपफ्लॅश रिपोर्टर (बीटा-कॅटेनिनचं काम प्रकाशाने दाखवणारी रचना) आणि सोबत बिघडवलेल्या जागांचा फॉपफ्लॅश. पॉझिटिव्ह कंट्रोल: सीएचआयआर९९०२१, ३ मायक्रोमोलर. ते मचाणावरच्यासकट सगळ्याच जीएसके३ ला धरतं.

वाचनमात्र

म्हणजे एकच बाण एका पेशीत असतो, दुसरीत नसतो. एकाच बाणाचं चिन्ह उलटं होणं, असंही असतं का?

अनुस्वार

असतं. सायक्लिक एएमपी आणि ईआरके. फायब्रोब्लास्टमध्ये सायक्लिक एएमपी वाढलं की त्याने चेतणारा कायनेज पीकेए सी-राफला दाबतो आणि ईआरके पडतो. बी-राफ भरपूर असलेल्या न्यूरॉनसारख्या पेशींत तोच सायक्लिक एएमपी रॅप१ मधून बी-राफ चेतवतो आणि ईआरके चढतो. तपासायचं तर फोर्स्कोलिन १० मायक्रोमोलर, सोबत आयबीएमएक्स ०.५ मिलिमोलर (दोन्ही सायक्लिक एएमपी वाढवतात), १० ते ३० मिनिटं, आणि त्याच लायसेटवर पीकेएचं लक्ष्य असलेल्या क्रेबचं सेरीन १३३. क्रेब चढला नाही तर पुढचं काही वाचूच नका.

टायरोसीन

पेशीनुसार उत्तर बदलण्याची किंमत रुग्णालाही मोजावी लागते. बी-राफमध्ये व्ही६००ई बदल असलेल्या मेलानोमावर व्हेम्युराफेनिब चाललं, २०११ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. तोच बदल असलेल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ते एकट्याने जवळपास निष्प्रभ. २०१२ मध्ये कारण पुढे आलं, आणि ते या धाग्याच्या पहिल्याच प्रश्नाचं भावंड आहे: बी-राफ दबला की ईआरकेचा लगाम सुटतो आणि ईजीएफआर जोमाने चालू होतो. मेलानोमाच्या पेशींत ईजीएफआर फारसा नसतो, म्हणून तिथे लगाम सुटूनही फार काही होत नाही. पुढे एन्कोराफेनिब आणि ईजीएफआरविरोधी सेटक्सिमॅब ही जोडी आली, तिला २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

पिपेटपंडित

सगळे ब्लॉटवरच बोलताय. ब्लॉट म्हणजे लाखो पेशींचा रस. फॉस्फो-ईआरके निम्मा झाला, तर प्रत्येक पेशीत निम्मा झाला की निम्म्या पेशींत पूर्ण गेला? रसात दोन्ही सारखंच दिसतं.

एमसीएफ-१०ए पेशींत ईआरके एकसारखा तेवत नाही, ठोक्यांनी येतो. ईजीएफची मात्रा बदलली की मुख्यतः ठोक्यांची वारंवारता आणि लांबी बदलते. एनएफ-कप्पाबीही टीएनएफ दिल्यावर केंद्रकात ये-जा करतो, साधारण १०० मिनिटांच्या फेऱ्यांनी. पेशी एकमेकींच्या तालात राहिल्या नाहीत की ब्लॉटवर सपाट रेघ.

ईआरके-केटीआर रिपोर्टर (ईआरकेचं काम जिवंत पेशीत दाखवणारं चमकतं प्रथिन) वापरा. ईआरके चालू असेल तर तो केंद्रकातून बाहेर येतो, म्हणून सायटोप्लाझम भागिले केंद्रक हे गुणोत्तर मोजायचं. सोबत केंद्रकाची खूण म्हणून हिस्टोन एच२बीला दुसऱ्या रंगाचं प्रथिन जोडलेलं हवं. दर ३ ते ५ मिनिटांनी एक फ्रेम. प्रकाश कमीत कमी ठेवा, कारण निळ्या प्रकाशाचा मारा जास्त झाला की पेशी ताणाला उत्तर देऊ लागते आणि पी३८, जेएनके मध्ये पडतात. विभाजन होत असलेल्या पेशी हिशेबातून काढा, केंद्रकाचा पडदाच विरघळला तर गुणोत्तर कसलं?

दोन रिपोर्टर एकाच पेशीत घातले तर मोठा फायदा होतो. एकेटी आधी चढतो की ईआरके आधी पडतो, हे त्याच पेशीत दिसतं.

कोंडीफोड

रिपोर्टरपर्यंत जाईपर्यंत वेळ लागेल. आधी १० वेलच्या एका जेलवर पहिला प्रयोग बसवायचा झाला तर लेन कशा लावाव्यात?

चौकट

१ मार्कर. २ ते ५ एका तासाचे: डीएमएसओ, पीडी०३२५९०१, लॅपॅटिनिब, दोन्ही. ६ ते ९ तेच चार, २४ तासांचे. १० मध्ये पॉझिटिव्ह कंट्रोल, हर-३ ला चेतवणारा ग्रोथ फॅक्टर न्यूरेग्युलिन ५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, १० मिनिटं. लॅपॅटिनिब १ मायक्रोमोलर नको, वर लिहिलेल्या कारणासाठी. आधी २० ते ५०० नॅनोमोलरची छोटी मालिका करून, एकेटी साधारण निम्म्यावर येतो ती मात्रा घ्या, म्हणजे वाढायला जागा उरेल.

खटपट्या

२४ तासांच्या डीएमएसओ वेलमध्ये पेशी दाटतात आणि औषधाच्या वेलमध्ये कमी राहतात. मग दाट वेलमधलं ग्लुकोज संपत आलं की एएमपीके (ऊर्जा घटल्याचं ओळखणारा कायनेज) जागा होतो, टीएससी२ आणि रॅप्टरमधून एमटॉरसी१ दबतो, एस६केचा लगाम सुटतो आणि डीएमएसओमध्येच एकेटी हलतो. २४ तासांसाठी पेशी सुरुवातीलाच विरळ लावा, शेवटी ७० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. एएमपीकेचं थ्रिओनीन १७२ लावून खात्री करा.

प्रत्येक लेनमध्ये २० मायक्रोग्रॅम प्रथिन. मेंब्रेन आडवी कापा: हर-३ वर, १८५ किलोडाल्टनच्या आसपास. एकेटी ६० ला, ईआरके ४२ आणि ४४ ला. फॉस्फो आणि टोटल एकाच मेंब्रेनवर स्ट्रिप करून करण्यापेक्षा दोन जेल एकदम चालवा. स्ट्रिपिंगमध्ये थोडं प्रथिन जातंच, आणि नेमकं टोटलच्या बँडमध्ये ते कमी दिसलं की गुणोत्तर उगाच फुगतं. ससा आणि उंदीर अशा दोन जातींच्या अँटिबॉडी आणि दोन रंगांची फ्लुरोसंट डिटेक्शन असेल तर एका मेंब्रेनवर भागतं.

कोंडीफोड

हर-३ चं टोटलही लावतो मग, २४ तासांच्या लेनसाठी.

टायरोसीन

हो, आणि १ तासाच्या लेनमध्येही. तिथे टोटल हर-३ हललेला नसून टायरोसीन १२८९ चढलेला असेल, तर पहिल्या प्रतिसादातली लगाम सुटण्याची वाट धरता येईल. टोटल हर-३ तासाभरातच वाढलेला दिसला, तर तो पडद्यावरून कमी वेगाने आत ओढला जातोय किंवा नष्ट होतोय का ते बघावं लागेल. त्यासाठी पृष्ठभागावरचा हर-३ बायोटिन लावून मोजा, ४ अंश सेल्सियसला, म्हणजे मोजताना तो आत जाणार नाही.